सोबतीला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. तिची आठ वर्षांची मुलगी पहिल्यांदाच मैत्रिणीच्या घरी रात्री राहायला जाणार होती. याला आता ‘स्लीपओव्हर’ म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण त्याची एवढी तयारी असते हे ठाऊक नव्हतं. रात्रीचे कपडे कुठले द्यायचे, त्या घरी जाताना काय न्यायचं, मुलगी काय खाते आणि काय खात नाही ते त्या बाईंना आधी कळवायचं की नाही, अशी लांबलचक यादी भाचीनं वाचून दाखवली आणि विचारलं, “खाला, अजून काही राहिलं का?” माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “वाकळ दिलीस का?” ती हसत सुटली. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ ती वाकळ काही डोक्यातून जाईना.

कारण परक्या घरी रात्री झोपायला जाणं हे मी लहानपणी दीड वर्ष केलं आहे, तेही जवळजवळ रोज. त्याला आमच्याकडे साधा शब्द होता, सोबतीला जाणं. घरातले पुरुष मुंबईला, सुना त्यांच्यामागे मुंबईला, आणि गावाकडे एकटी म्हातारी. अशा घरी शेजारचं एखादं पोर रात्री झोपायला पाठवायचे. पोरानं काही करायचं नसे. नुसतं असायचं. चोर आला तर दहा वर्षांचं पोर काय करणार होतं? पण म्हातारीला रात्री हाक मारायला एक नाव लागतं, एवढीच त्यामागची गरज.

माझं गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. आमचं घर मुलाण्याचं. बलुतेदार-अलुतेदारांच्या जुन्या याद्यांत मुलाणी येतो. गावातलं बकरं त्याच्या हातानं पडायचं. जत्रेत देवीपुढचं बकरं असलं तरी मुलाण्यानं हलाल केल्याशिवाय ते मराठ्यांच्या घरातही शिजत नसे, आणि त्याचा मानाचा वाटा आमच्या घरी यायचा. म्हणजे आमच्या हातचं कापलेलं गावाला चालायचं, आमच्या चुलीवरचं शिजलेलं चालायचं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या वयात मला ते पाऊस वरून खाली पडतो इतकं साधं वाटायचं. त्यात काही विचारण्यासारखं आहे हे कळायला बी.ए. व्हावं लागलं.

आमच्या घराला लागून एका मराठा म्हातारीचं घर होतं. मी तिला आजी म्हणायची. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, वर्षाची वारी चुकवायची नाही. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा परळच्या एका गिरणीत. आजीची आणि माझ्या दादीची ओळख नुसती शेजारपणाची नव्हती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा दोघींच्या घरांची मधली भिंत पडली. खोऱ्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. आमच्या दोन घरांतलं कुणी गेलं नाही, पण छपराखाली जायची छाती कुणाची होईना. ऐन थंडीचे दिवस. सगळी आळी खळ्यावर झोपायला आली. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून आडोसा केलेला, मधे शेकोटी. अम्मा सांगायची की तेव्हा कोण कुणाच्या वाकळेत शिरलं याचा हिशेब नव्हता. पुढे घरं उभी राहिली, पडलेली भिंतही उभी राहिली, आणि मग हिशेब पुन्हा सुरू झाला.

मी जन्मले १९७१ ला, त्यामुळे तो भूकंप मला ऐकूनच माहीत. पण आमच्या भागात जमीन अधूनमधून हलतच असे. कोयनेच्या माणसाला धक्का म्हणजे विजेचा नव्हे, जमिनीचा. सप्टेंबर १९८० मध्ये पुन्हा मोठे धक्के बसले. भांडी मांडणीवरून खाली आली, कौलं सरकली. आजी तेव्हा घरात एकटीच होती. दुसऱ्या दिवशी ती आमच्या जोत्यावर येऊन बसली, इकडचं तिकडचं बोलली, पावसाचं बोलली, आणि उठून गेली. ती गेल्यावर दादी अम्माला म्हणाली, “आज से लडकी को उधर भेज.” आजीनं काही मागितलं नव्हतं. दादीनंही ‘पाठवू का’ असं विचारलं नव्हतं. त्या रात्री मी माझी वाकळ काखोटीला मारून गेले तेव्हा आजीच्या सोप्यात माझ्यापुरती जागा झाडून ठेवलेली होती.

नियम मला कुणी बसवून शिकवले नाहीत. जेवून जायचं, हा पहिला. वाकळ आपली न्यायची. दारात उभं राहून आजीनं “आलीस?” म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. ती नेहमी विचारायची, “जेवलीस का गं?” आणि मी नेहमी म्हणायची, “जेवून आले.” आमच्या घरी एखाद्या रात्री भाकरी कमी पडली असली तरी उत्तर तेच. ते उत्तर पोटाबद्दल नव्हतंच मुळी, घराबद्दल होतं. मग आजी म्हणायची, “थोडं घे की,” मी म्हणायची, “नको.” दुसऱ्यांदा ती म्हणायची, “अगं घे,” मी पुन्हा “नको.” तिसऱ्यांदा ती काही न बोलता मूठभर भाजके शेंगदाणे हातावर ठेवायची, ते घ्यायचे. पहिल्या खेपेला घेतलं तर पोर हावरं, तिसऱ्या खेपेला नाकारलं तर पोर माजोरी. हा तीन वेळांचा हिशेब मी पुढे अनेक घरांत पाहिला, बामणाघरी, मराठ्यांत आणि आमच्या लग्नांतल्या दस्तरखानावरही. सकाळी आजीनं चूल पेटवायच्या आत उठायचं, वाकळेची घडी करायची आणि घरी यायचं. चूल पेटलेली असताना परकं माणूस घरात असलं तर त्याला विचारावं लागतं. आजीला विचारायची वेळ आणायची नाही.

चहा मात्र मिळायचा. आठवड्यातून एखाद-दोन वेळा आजी मुद्दाम मला थांबवून घ्यायची. कपाट असं नव्हतंच, भिंतीत कोनाडा होता. त्या कोनाड्यात कान तुटलेला एक चिनीमातीचा कप पालथा घातलेला असे. तो माझा. चहा पिऊन झाला की मी तो परसात नेऊन धुवायची आणि परत कोनाड्यात पालथा घालायची. आजीच्या पितळ्या मांडणीवर असत, तिकडे माझा हात जात नसे. मला कुणी जाऊ नको म्हणालं नव्हतं.

आता इथे थोडं थांबून मागचं सांगायला हवं, नाहीतर आजीवर अन्याय होईल.

पाहुण्याला देव मानणारं उपनिषदातलं वचन आपण सगळेच शाळेच्या भिंतीवर वाचून मोठे झालो. आमच्या घरी दादी पैगंबरसाहेबांची शिकवण सांगायची की पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा, त्यातली पहिली दिवस-रात्र विशेष खातिरदारीची, तीन दिवसांनंतर द्याल ते दान. आणि पाहुण्यानंही यजमानाला अडचणीत येईपर्यंत राहू नये. मला या शिकवणीचं नेहमी कौतुक वाटतं ते या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी. पाहुणा देव असला तरी देवानं कधी उठायचं, हे तिथं सांगितलेलं आहे. पण या दोन्ही शिकवणींच्या मधे आपल्याकडे एक तिसरी गोष्ट उभी होती. कुणाच्या हातचं आणि कुणाच्या भांड्यातलं चालतं, ही. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं मिळायचं. एका नळाचं, एका विहिरीचं पाणी, पण घागरी दोन आणि पाणके दोन. तेव्हा माणसं कुणाला तुसडेपणानं वागवत होती असं नाही, गाडीत शेजारी बसून गप्पा मारत होती. तहान लागली की मात्र दोन दिशांना उतरत होती.

यातून वाट काढायची रीतही माणसांनीच बसवली. तिचं नाव शिधा. दारी आलेल्याला आपल्या हातचं चालत नसेल तर त्याला पीठ, डाळ, तेल, मीठ, सरपण द्यायचं. त्यानं आपलं आपण शिजवून घ्यायचं. मुसलमानाच्या घरी हिंदू पाहुणा उतरला की शिधा निघे. लग्नात हिंदू मंडळींसाठी वेगळा आचारी बोलावत, तो आजही बोलावतात, फक्त त्याला आता व्हेज काउंटर म्हणतात. माझ्या दादीनं आजीशी हीच रीत आयुष्यभर पाळली. ईदला शीरखुर्मा तिच्याकडे जात नसे. शेवया, साखर, खारीक आणि धारोष्ण दूध जायचं. दिवाळीला आजीकडून करंज्या, लाडू, चिवडा यायचा. भांडं रिकामं परत करायचं नाही हा दोन्ही घरांचा कायदा होता, म्हणून करंज्यांचा डबा परत जाताना त्यात गुळाचा खडा नाहीतर शेंगा. म्हणजे आजीकडून शिजलेलं यायचं, आमच्याकडून कच्चं जायचं. दादीला हे खटकायचं का? मी एकदा विचारलं होतं, मोठी झाल्यावर. ती म्हणाली, तिला देता येतं ते ती देते, तिला घेता येतं ते मी देते. मला हे उत्तर तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही, पण त्यात जी शहाणीव आहे ती माझ्यात नाही, एवढं कबूल करते.

आणि असंही नव्हे की या रेषा कुणी ओलांडायचा प्रयत्नच केला नाही. आमच्याच जिल्ह्यात तो झाला. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, दोन वर्षं साताऱ्याच्या बोर्डिंगात होते. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात हे वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी आधीच, १९०१ पासून, एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली होती. मुसलमान मुलांचं १९०६ मध्ये झालं. ज्या मुलांना गावाबाहेर कुणी रात्रीचा थारा देत नव्हतं, त्यांना शिकायचं तर आधी झोपायला जागा हवी, हे महाराजांनी ओळखलं होतं. भाऊरावांनी त्यापुढची पायरी चढली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी मुलं एका छपराखाली. स्वयंपाक मुलांनीच करायचा. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही, हे साताऱ्यात लहान पोरालाही ठाऊक आहे.

नाना सांगायचे, की त्यांना भाकरी थापायला तिथं एका महाराच्या मुलानं शिकवलं आणि पहिली भाकरी करपली ती सगळ्यांनी वाटून खाल्ली. पण नानांची खरी गोष्ट पुढे होती. सुट्टीत ते गावी आले. गावातलाच, बोर्डिंगात शेजारी ताट घेऊन बसणारा एक मुलगा त्यांच्या घरी आला. नानांच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. तो मुलगा गप्प झाला, मग म्हणाला, तहान नाही. जाताना नाना त्याला वेशीपर्यंत सोडायला गेले, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, बोर्डिंगात चालतं रे, गावात नाही चालत. नाना ही गोष्ट हसत सांगायचे. मला त्यांच्या हसण्याचाच राग यायचा.

आता माझी चोरी सांगते. पंचेचाळीस वर्षांत ही फक्त दादीला माहीत होती.

आजीच्या उशाशी रात्री पाण्यानं भरलेला तांब्याचा तांब्या असे, त्यावर फुलपात्र पालथं. मला तहान लागू नये म्हणून मी घरूनच पाणी पिऊन जायची. थंडीचे दिवस होते, मकरसंक्रांतीच्या आसपासचे. मध्यरात्री जमीन हलली. मोठा धक्का नव्हता, आढ्याची लाकडं करकरली आणि थांबली. आजी उठलीही नाही. मी मात्र ताडकन उठून बसले. अंधार, छातीत धडधड, तोंड कोरडं पडलेलं. माझं घर भिंतीपलीकडे दहा पावलांवर होतं, पण दाराची कडी काढायची भीती वाटत होती. मी हात लांब केला, फुलपात्र काढलं आणि तांब्या तसाच तोंडाला लावला. फुलपात्रातही ओतून घेतलं नाही. गटागटा प्याले. मग फुलपात्र परत पालथं घालताना त्याचा आवाज झाला. आजी कुशीवर वळली. बस्स.

पहाटे मी डोळे किलकिले करून पाहत होते. आजी परसात गेली, राख घेतली, चिंच घेतली, आणि तो तांब्या घासायला बसली. खूप वेळ घासला. मला वाटलं, जमीन पुन्हा हलावी. ती रोज तांब्या घासायची की त्याच दिवशी घासला, हे मला आठवत नाही. मी कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. तांब्या-पितळेची भांडी राखेनं घासणं हे तिचं रोजचंच काम असणार, बहुधा. पण मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं, कारण पाहायची गरज पडली नव्हती.

घरी येऊन मी दादीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझी वेणी सोडली, विंचरायला घेतली आणि म्हणाली, “बोल नको किसकू. पर फिर से पीना नै.” सांगायचं नाही, आणि पुन्हा करायचंही नाही. एवढंच. त्या रात्रीपासून वाकळेबरोबर एक लहान चंबूही माझ्या काखेत आला. आजीनं तो पाहिला. “बरं केलंस,” म्हणाली. त्या ‘बरं केलंस’चा अर्थ लावायचा मी अजून सोडलेला नाही.

त्याच वर्षी, १९८१ ला, एक योग आला. आमचं हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, आणि त्याला अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. त्या वर्षी रमजान आणि आषाढ एकाच अमावास्येनंतर लागले. म्हणजे आषाढी एकादशी ऐन रोज्यांत आली. आजीला त्या वर्षी गुडघ्यानं धरलं होतं, वारीला जाता आलं नव्हतं, त्याचं तिला फार लागलं होतं. मी दहा वर्षांची. मला पहिला रोजा धरायचा होता आणि दादी म्हणत होती, अजून लहान आहेस.

आजी पहाटे चारच्या आधी उठायची, काकड्याची वेळ म्हणून. दशमीच्या रात्री मी तिला सांगून ठेवलं की मला उठव, आमच्याकडे सहरीला उठतात. पाऊस असा कोसळत होता की भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. तिनं मला हलवून उठवलं. “ऊठ पोरी, तुझ्या घरात दिवा लागलाय.” डोक्यावर इरलं देऊन दारापर्यंत सोडायला आली. मी घरी जाऊन दही-भात खाल्ला, नियत केली, आणि दादीला काही म्हणता आलं नाही.

दुपारी मी आजीच्या सोप्यात जाऊन पडले. घरी अम्मा सारखी “मोड आता, मोड” म्हणत होती, त्यापेक्षा इथं बरं. आजीला मी सांगितलं, पाणीही प्यायचं नसतं. “पानीबी न्हाय?” ती चकित झाली. तिच्या एकादशीला पाणी चालायचं, वरीचे तांदूळ चालायचे, रताळं चालायचं. तिनं रताळी उकडून ठेवलेली होती, त्यांचा वास घरभर होता. मी झोपून उठले तरी रताळी तशीच झाकलेली. शेजारची एक बाई आली, तिनं विचारलं, “म्हातारे, अजून फराळ न्हाय केला?” आजी म्हणाली, “भूक न्हाय मला आज.” पाणीही ती माझ्यासमोर प्याली नाही. सव्वासातच्या सुमाराला आमच्या घरून दादीची हाक आली, तेव्हा आजीनं दोन रताळी केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिली. मी एकदाही “नको” म्हणाले नाही. तीन वेळांचा हिशेब त्या दिवशी चुकला, आणि तिनंही चुकू दिला.

दादीनं त्या रताळ्यावर माझा रोजा उघडला. खजूर त्या काळी आमच्या गावात मिळायची नाही, मिठाच्या खड्यावर नाहीतर पाण्यावर रोजा उघडायचा, त्यामुळे रताळं ही चैनच होती. मला आठवतं, दादी ते पान बराच वेळ हातात धरून बसली होती. त्या रात्री मी सोबतीला गेले तेव्हा कप कोनाड्यातच होता. माणसं एका दिवसात बदलत नाहीत, आणि बदलावीत असं तेव्हा मला वाटतही नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. सुरुवातीला सगळे म्हणत, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. मग जशी शिल्लक संपत गेली तशी माणसं गावाकडे यायला लागली. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीची गावं त्या वर्षी पुरुषांनी भरली. आमच्या गावात मुक्कामाची एसटी रात्री आठाला यायची आणि सकाळी सहाला परत जायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे. त्यांना एका दिवशी एका घरची भाकरी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरची, अशी गावानं पाळी लावली होती. त्या पाळीत आमचं घर नव्हतं. अब्बा मात्र त्यांना आंघोळीचं गरम पाणी द्यायचे. त्या मुक्कामाच्या गाडीतून रोज कुणी ना कुणी ट्रंक घेऊन उतरायचं. फेब्रुवारीत एका रात्री आजीचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं उतरली.

माझी सोबत तिथंच संपली. “उद्यापासून येऊ नकोस” असं कुणी म्हणालं नाही. मी त्या रात्री गेले नाही, आणि कुणी बोलावलं नाही. वाकळ तिकडेच राहिली होती.

चार-सहा दिवसांनी मी काहीतरी निमित्त काढून गेले. आजीचा मुलगा सोप्यात जेवत होता. त्यानं मला हाक मारली, “ये गं, आमच्या आयची राखणदारीण.” त्याचं जेवण झालं. आजीनं त्याचं ताट उचललं, परसात नेऊन वेगळं धुतलं आणि आणून ठेवलं ते मांडणीवर नाही. कोनाड्यात. माझ्या कपाशेजारी.

मी बघतच राहिले. त्यानं ते ओळखलं असावं. म्हणाला, “आमी मटण खातो न्हवं. माळकऱ्याच्या घरात आमी बी परकेच.” त्यानं गिरणीतली पहिली वर्षं गावाच्या खोलीत काढली होती. वीस-पंचवीस गाववाले एका खोलीत, तीन पाळ्या. एकजण कामावरून आला की दुसऱ्याची उठलेली पथारी त्याची, जेवण खानावळीच्या बाईकडे. पुढे लग्न झाल्यावर चाळीत दहा बाय दहाची खोली मिळाली, तर गावाकडून कुणी ना कुणी नोकरी शोधायला येऊन पडलेलंच; मग तो आणि बायको गॅलरीत झोपायचे. हे सगळं तो हसत सांगत होता. मी ऐकत नव्हते. मी त्या कोनाड्याकडे पाहत होते. दीड वर्ष मी समजत होते की तो कोनाडा मुसलमानाचा आहे.

हे मी पुढे अनेकांना सांगितलं. बहुतेकांना ही गोष्ट इथंच संपायला हवी असते. बघ, तुझा गैरसमज होता, असं म्हणून ते निःश्वास टाकतात. मला तेवढं सोपं वाटत नाही. त्याचं ताट आजीनं स्वतःच्या हातानं धुतलं होतं. माझा कप मी धूत होते. आणि आजीच्या घरचा कोनाडा माळेमुळे असला, तरी पलीकडच्या आळीतल्या ज्या घरांत आठवड्याला मटण शिजायचं, तिथंही आमच्यासाठी कोनाडे होतेच. ती घरं तर अब्बांच्या हातचंच बकरं खात होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची बेरीज काय येते ते मला करता आलेलं नाही, कवितेतही नाही.

संप असा अधिकृत कुणी मागे घेतलाच नाही. तो विरत गेला. आजीचा मुलगा परत गिरणीत लागला नाही. गावातच पिठाची चक्की टाकली. वाकळ महिन्याभरानं परत आली. सुनेनं ती नदीवर धुऊन, वाळवून, घडी करून आणली होती. दादीनं घडी उलगडली तर आत एक नारळ आणि खण निघाला. रिकामं परत करायचं नाही. दादीनं खण डोळ्यांना लावला आणि त्याचा मला परकर-पोलक्यातलं पोलकं शिवलं. कप मात्र परत आला नाही. तो होताच तिचा.

मी पुढे बी.ए.साठी कराडला तीन वर्षं एका नातेवाइकांकडे राहिले. तीन दिवसांचा पाहुणा तीन वर्षं राहिला की काय होतं ते तिथं शिकले, पण ते पुन्हा कधी. ते यजमान अजून आहेत आणि रेडिओ ऐकतात.

आता मी साताऱ्यात राहते, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीची तीच मुलगी माझ्याकडे चार दिवस आली, आणि बरोबर तिची ती मैत्रीण. नावावरून म्हणाल तर ब्राह्मणाची. मी तिच्या आईला फोन करून विचारलं, मुलीला माझ्या हातचं काय चालेल? त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, “काहीही चालेल हो, फक्त वांगं खात नाही ती.” मी तरी त्या चार दिवसांत घरात मटण आणलं नाही. भाची म्हणाली, खाला, तू उगाच करतेस. असेल.

दुसऱ्या रात्री मला उशिरापर्यंत झोप लागली नव्हती. बाहेरच्या खोलीत कुणीतरी उठल्याची चाहूल लागली. अनवाणी पावलं स्वयंपाकघरात गेली. फ्रिजचं दार उघडलं, बाटलीचं झाकण फिरलं, आणि ते पोर बाटली तोंडाला लावून गटागटा पाणी प्यालं. पेला घेतल्याचा आवाज काही आला नाही. झाकण परत लावलं, दार लागलं, पावलं परत गेली. मी कूस बदलली. सकाळी उठून ती बाटली धुवायला घेतली, रोज धुते तशीच, आणि दोन्ही पोरी समोर दूध पीत बसल्या आहेत असं पाहून ती न धुताच पुन्हा भरून ठेवली.